माणूसच कशाला पाठवायचा? गगनयानाचे २०,१९३ कोटी आणि माझ्या वर्गातला प्रश्न

खडूफळा | २० ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

मी हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. परवा सोमवारी सातवीच्या वर्गाला अंतराळ स्थानकावर जाऊन आलेले शुभांशू शुक्ला दिल्लीत परत आल्याची बातमी वाचून दाखवली. मुलं एकदम खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, चंद्रावर यंत्रच उतरलं ना? मंगळावर बी यंत्रच गेलं. मग माणूसच कशाला पाठवायचा?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दच सुचेना. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या अजून उगवलेला नाही.

मंगळवारच्या पेपरात एका पानावर लोकसभेतल्या अंतराळावरच्या खास चर्चेची बातमी होती आणि शेजारच्या पानावर मुखेडचा पूर. मुखेड आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. माझ्या एका सहकाऱ्याची बहीण तिकडे दिली आहे, दोन दिवस फोन लागत नव्हता. दोन्ही बातम्या एकाच घडीत हातात आल्या आणि मग मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

आकडे मी शोधून काढले. गगनयान म्हणजे आपल्याच रॉकेटातून माणूस अंतराळात पाठवायची मोहीम. तिची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून झाली, मुदत २०२२. त्याच डिसेंबरात मंत्रिमंडळाची मंजुरी, दहा हजार कोटींच्या आत. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी ११,१७० कोटी वाढवून एकूण २०,१९३ कोटी. त्यात २०२८ पर्यंत आठ उड्डाणं आणि आपल्या अंतराळ स्थानकाचा पहिला भाग.

आता आमच्या गावाकडचं. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी, जगात मोजक्याच ठिकाणी असलेली. तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. पैशांची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, २,६०० कोटी. सात वर्षं. गगनयानाला घोषणेपासून मंजुरीपर्यंत साडेचार महिने लागले.

मी विरोधक नाही. शुक्लांचं यान समुद्रात उतरलं तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. पण त्या मुलीला मी काय सांगू? गुळगुळीत उत्तर नको आहे.

निळाई | २० ऑगस्ट, रात्री १०.०५

सर, तिला सांगा की यंत्राला आमरस खाता येत नाही. शुक्लांनी गाजर हलवा, मूग डाळ हलवा आणि आमरस नेला होता वर. :)

गंमत बाजूला. प्रश्न फार मोलाचा आहे. वाचते आहे.

हिशेबनीस | २० ऑगस्ट, रात्री ११.१२

सर, भावना समजते, पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू. यंदा संपूर्ण अवकाश विभागाला १३,४१६ कोटी आहेत. केंद्राचा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत साधारण २६ पैसे, आणि त्यात उपग्रह, रॉकेटं, पगार, सगळं आलं. शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी आहेत.

गगनयानाचे २०,१९३ कोटी दहा वर्षांवर पसरलेत. १४० कोटी लोकांत वाटले तर माणशी १४४ रुपये. वर्षाला चौदा. एका वडापावाचे पैसे. ते वाचवून गरिबी हटणार नाही, पूरही थांबणार नाही.

खडूफळा | २१ ऑगस्ट, सकाळी ६.५०

हिशेबनीस, आभार. २६ पैशांचा आकडा मी वर्गात सांगणार आहे, मुलांना पैसे मोजून दाखवता येतील. पण वडापावाचा हिशोब मला पटत नाही. १४० कोटींनी भागलं की जगातली कुठलीही रक्कम लहानच होते. आमच्या वर्गाचा पत्रा दोन पावसाळे गळतो आहे, त्याचा खर्च माणशी काढला तर शून्यावर किती शून्यं येतील? तरी तो मंजूर होत नाही. तेव्हा रक्कम लहान की मोठी यावर ठरत नाही. कुणाचा कागद पुढे सरकतो आणि कुणाचा टेबलावर राहतो, यावर ठरतं.

निळाई | २१ ऑगस्ट, सकाळी ७.३०

शेवटची दोन वाक्यं +१००

भिंगवाला | २१ ऑगस्ट, दुपारी १.२०

खगोलशास्त्रात काम करतो, पुण्यात. त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकतो.

त्या मुलीचा प्रश्न आमच्या क्षेत्रात साठ वर्षं चालू आहे आणि ती ज्या बाजूने विचारते आहे ती बाजू भक्कम आहे. चांद्रयान-३ ला साधारण ६१५ कोटी लागले. गगनयानाच्या पैशांत बत्तीस चांद्रयानं होतात. आदित्य-एल१ वरची सूट नावाची दुर्बीण इथे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडली. सूर्याचे जंबुपार किरणांतले फोटो ती रोज पाठवते आहे, तिथे कुणाला बसवायची गरज पडली नाही. माणूस पाठवायचा म्हटलं की हवा, पाणी, तापमान, शौचालय, परतीचा रस्ता, सगळं बरोबर न्यावं लागतं. वजनाचा आणि पैशांचा बहुतेक वाटा त्याला जिवंत ठेवण्यात जातो. विज्ञानासाठी उरतं थोडं.

आणि हा विचार परका नाही. विक्रम साराभाईंनीच सांगून ठेवलं होतं की चंद्र, ग्रह किंवा माणसाच्या अंतराळप्रवासात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण बघत नाही. पण प्रगत तंत्रज्ञान लोकांच्या रोजच्या प्रश्नांना लावण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही पोचवला, तो याच विचारातून. शेती, आरोग्य, शाळेचे धडे. पहिल्या वीस वर्षांचा सगळा पाया हा आहे.

खडूफळा सर, लायगोबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. त्या सात वर्षांत माझ्या ओळखीची चार हुशार मुलं परदेशी गेली. तिथल्या लायगोवर काम करतात. परत येतील का, माहीत नाही.

अटकेपार | २१ ऑगस्ट, दुपारी ३.०२

भिंगवाला, साराभाई साठच्या दशकात बोलत होते. तेव्हा आपण केरळातल्या थुंब्याच्या चर्चमध्ये जोडणी करून अमेरिकेचं रॉकेट उडवत होतो. आज परिस्थिती ती आहे का?

२०११ मध्ये अमेरिकेच्या संसदेने नासाला चीनबरोबर काम करायला बंदी घातली. चीन रडत बसला नाही. २००३ मध्येच त्यांचा माणूस स्वतःच्या यानातून जाऊन आला होता. २०२२ मध्ये स्वतःचं स्थानक पूर्ण. आपलं काय झालं होतं? नव्वदच्या सुरुवातीला रशियाकडून क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचं तंत्र मिळणार होतं, अमेरिकेने दडपण आणून तो करार मोडीत काढला. पुढची वीस वर्षं आपण तेच इंजिन शिकण्यात घालवली.

माणसाला वर ठेवण्याची यंत्रणाही कुणी द्यायला तयार झालं नाही, म्हणून इस्रोला स्वतः बनवावी लागते आहे. जे कुणी विकत देत नाही ते येतं की नाही, यावर देशाची पत ठरते. चंद्रावर उद्या नियम ठरतील तेव्हा टेबलावर कोण बसेल? ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे तो.

भिंगवाला | २१ ऑगस्ट, दुपारी ३.४०

मुद्दा मान्य. मग तसं सांगा. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण म्हणून पैसे मागा. विज्ञानाच्या खात्यात टाकून विज्ञानाच्या नावाने टाळ्या घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

कोपरखळी | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५

नासामुळे वेल्क्रो मिळालं, टँग मिळालं, हे कुणी कसं अजून लिहिलं नाही? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला येतं.

निळाई | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२२

कारण दोन्ही खोटं आहे! वेल्क्रो स्वित्झर्लंडमधल्या एका गृहस्थांनी कुत्र्याच्या केसात अडकलेल्या गोखरूवरून काढलं, आणि टँग हे सरबताचं चूर्ण नासाने वापरायच्या आधीपासून दुकानात होतं.

रोखठोक७७ | २१ ऑगस्ट, रात्री ९.००

मूळ दुखणं वेगळं आहे. हे सगळं १५ ऑगस्टच्या भाषणासाठी चाललंय. विरोधक सभागृहात गोंधळ घालतात, सत्ताधारी फोटो काढतात. सोमवारी काय झालं बघितलं ना? अंतराळावर चर्चा ठेवली आणि अंतराळ सोडून सगळ्यावर आरडाओरडा.

(यापुढचे नऊ प्रतिसाद एकमेकांच्या पक्षांवर घसरल्यामुळे काढले आहेत. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा फोटो कुणी काढले आणि आता कुणी, यावर वेगळा धागा काढा. इथे पैशांबद्दल आणि कामाबद्दल बोलू या. - संपादक)

परसातली_चिंच | २२ ऑगस्ट, सकाळी ८.१०

ह्यूस्टनहून. इथे एकवीस वर्षं झाली. नवरा नासाच्या एका कंत्राटदाराकडे आहे, मी शाळेत शिकवते. खडूफळा सर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथेही मुलं विचारतात, हे आधी सांगते.

आपल्याकडे समज असतो की अपोलोच्या वेळी सगळी अमेरिका एकदिलाने मागे उभी होती. तसं नव्हतं. त्या दशकात बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोक 'एवढा खर्च नको' म्हणत होते. अपोलो ११ उतरलं तेव्हा तेवढ्यापुरता कौल फिरला. १९६६ मध्ये सरकारी खर्चाच्या जवळजवळ साडेचार टक्के नासाला जात होते. आणि ज्यांच्या नावाने हे सगळं ओळखलं जातं त्या केनेडींच्या १९६२ मधल्या एका बैठकीची ध्वनिफीत नंतर बाहेर आली. त्यात ते नासाच्या प्रमुखांना साफ सांगतात की मला अंतराळात तेवढा रस नाही, रशियाच्या आधी पोचायचं आहे म्हणून हा खर्च.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो १५ जुलै १९६९ चा प्रसंग. उड्डाणाच्या आदल्या दिवशी राल्फ ॲबरनथी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यानंतर ज्यांनी चळवळ सांभाळली ते, गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला गेले. एकीकडे तो अवाढव्य अग्निबाण आणि दुसरीकडे खेचरं. नासाचे प्रमुख थॉमस पेन हातात माइक घेऊन मैदानात त्यांच्यासमोर आले. म्हणाले, उद्या बटण न दाबल्याने तुमचे प्रश्न सुटणार असते तर आम्ही बटण दाबलं नसतं. ॲबरनथींनी त्या तिघा अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली. कुणी कुणाला देशद्रोही म्हणालं नाही. मला हे दृश्य आपल्याकडे बघायचं आहे. मुखेडच्या माणसाने इस्रोच्या दारात उभं राहून विचारावं आणि प्रमुखांनी बाहेर येऊन उत्तर द्यावं.

आता राजकारण. १९९३ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकाचा खर्च बंद करायचा ठराव आला, आणि स्थानक वाचलं ते एका मताने, २१६ विरुद्ध २१५. त्याच वर्षी इथे टेक्सासमध्येच एक प्रचंड कणत्वरक (अणूतले कण वेगाने एकमेकांवर आदळून बघायचं यंत्र) बांधला जात होता, २३ किलोमीटर बोगदा खणून झाला होता, दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. तो ऑक्टोबरात रद्द केला. तुमच्या लायगोसाठी मुद्दाम सांगतेय. स्थानकाची कंत्राटं कितीतरी राज्यांत वाटली होती, बोगदा एकाच ठिकाणी होता. चांगलं विज्ञान कुठलं हे त्या मतदानाने ठरवलं नाही.

यंदाचंच बघा. मे महिन्यात नासाचा निधी २४.८ अब्जांवरून १८.८ अब्जांवर आणायचा प्रस्ताव आला. विज्ञानाचे पैसे जवळजवळ निम्मे करायचे, पण माणसाच्या मोहिमांचे वाढवायचे. जवळपास ३,८७० कर्मचाऱ्यांनी राजीनामा योजना घेतली. आमच्या गल्लीतली दोन घरं विक्रीला आहेत. आणि जुलैच्या कायद्यात टेक्सासच्या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने साडेआठ कोटी डॉलर घातले गेले ते एक जुनं अवकाशयान इथे ह्यूस्टनला आणून ठेवायला! इथली असूनही मला त्याची लाज वाटते.

तेव्हा माणूस वर जातो तेव्हा त्याच्याबरोबर मतदारसंघही जातात. हे सगळीकडेच आहे. फरक एवढाच की इथे प्रत्येक मत आणि प्रत्येक डॉलर नोंदलेला सापडतो, शोधता येतो. आपल्याकडे तो शोधता यावा.

खडूफळा | २२ ऑगस्ट, रात्री १०.३०

ताई, आज पोळा होता, बैलं सजवण्यात दिवस गेला, आत्ता वाचलं. दोनदा वाचलं. खेचरांचा प्रसंग मी वर्गात सांगणार. मनापासून आभार.

मिरकरवाडा | २३ ऑगस्ट, दुपारी १२.१५

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. रत्नागिरीला दोन बोटी आहेत. आज राष्ट्रीय अंतराळ दिन, म्हणून लिहितो.

उपग्रहाचं महत्त्व मला कुणी पटवायला नको. हैदराबादहून रोज मासळीचा अंदाज येतो. उपग्रह समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हिरवेपण बघतो, त्यावरून मासा कुठे जमला असेल ते सांगतात. पूर्वी आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जायचा. आता दोन्ही बघतो. डिझेल वाचतं. वादळाची सूचना आधी येते, त्याने तर जीव वाचलेत.

मग माझं म्हणणं ऐका. आपली स्वतःची दिशादर्शक यंत्रणा आहे, नाविक. कारगिलनंतर तिची गरज सगळ्यांना कळली. आतापर्यंत अकरा उपग्रह सोडले. त्यांतले दोन योग्य कक्षेत पोचलेच नाहीत. बाकीच्यांत अनेकांची अणुघड्याळं, ज्यांच्या वेळेवरून जागा काढतात ती, बंद पडली. गेल्या महिन्यात सरकारनेच संसदेत सांगितलं की जागा आणि वेळ सांगण्याचं काम आता चारच करतायत. चार! एवढ्यावर ही यंत्रणा जेमतेम तग धरून आहे. मे महिन्यात उपग्रह नेणारं पीएसएलव्ही रॉकेट पडलं, ते वेगळं.

माणूस जरूर पाठवा. पण समुद्रावर रात्री माझा भाऊ ज्याच्या भरवशावर असायला हवा, ते घड्याळ आधी चालू करा. हे जास्त मागणं आहे का?

हिशेबनीस | २३ ऑगस्ट, दुपारी १.००

नाही. अजिबात नाही. मी पैशांचा हिशोब मांडत होतो, पण तुमच्या प्रतिसादाने लक्षात आलं की पैशांपेक्षा दुर्मीळ गोष्ट माणसं आहेत. तेच अभियंते, तीच चाचणी केंद्रं, श्रीहरिकोट्याचे तेच दोन उड्डाणतळ. गगनयान पुढे घेतलं की काय मागे पडतं, तो खर्च २०,१९३ मध्ये धरलेलाच नाही. माझा वडापाव मी मागे घेतो.

निळाई | २३ ऑगस्ट, दुपारी १.०४

वडापाव मागे घेऊ नका, इकडे द्या.

सावित्रीची_लेक | २३ ऑगस्ट, रात्री ९.२०

मूळ प्रश्न एका मुलीने विचारला आहे, म्हणून हे लिहायलाच हवं. निवडलेले चौघे, नायर, कृष्णन, प्रताप आणि शुक्ला, चारही हवाई दलाचे वैमानिक आणि चारही पुरुष. चाचणी वैमानिकांतूनच निवड करायची ठरवली की बायका आपोआप गळतात, कारण त्या दारापर्यंत त्यांना पोचूच दिलेलं नाही. मानवरहित उड्डाणात व्योममित्रा जाणार आहे, बाईच्या रूपातला यंत्रमानव. बाईचा चेहरा यंत्राला आहे, खुर्ची नाही.

रशियाने १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हाला पाठवलं, ती कापड गिरणीतली कामगार होती, पॅराशूटच्या उड्या मारायची. तेही राजकारणच होतं, माहीत आहे. पण त्या राजकारणात गिरणीतल्या मुलीला जागा होती.

माणूस कशाला, हा प्रश्न आहेच. कुठला माणूस, हाही विचारा. जनतेच्या पैशांतून जाणार असेल तर जनतेतला कुणीही जाऊ शकेल असं दार तरी ठेवा.

अटकेपार | २४ ऑगस्ट, दुपारी ४.४५

आत्ताची बातमी! श्रीहरिकोट्याजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने गगनयानाची नकली कुपी (माणसं बसतात तो भाग) तीन किलोमीटरवरून सोडली, पॅराशूट ठरल्या क्रमाने उघडली, कुपी समुद्रात नीट उतरली, नौदलाने उचलली. खऱ्या कुपीत दहा पॅराशूट असतात, शेवटच्या तीन मोठ्यांपैकी एक उघडलं नाही तरी माणसं वाचतात. अंगावर काटा आला.

भिंगवाला | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

मनापासून अभिनंदन. आणि इथे मी इस्रोची पाठ थोपटतो, कारण २०२२ ची तारीख लाल किल्ल्यावरून जाहीर झाली होती आणि तरी ते थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या चाचणीत पाच सेकंद उरलेले असताना संगणकाने उड्डाण थांबवलं. टीव्हीवर सगळा देश बघत होता. दोष शोधला, मग दहा वाजता उडवलं. ती कुपी समुद्रात उलटी तरंगली, तेही त्यांनी लपवलं नाही. क्रायोजेनिक इंजिनाला माणसासाठी योग्य ठरवायला किमान ६,३५० सेकंद चालवून बघणं पुरेसं होतं, त्यांनी ८,८१० सेकंद चालवलं. आता माणूस २०२७ मध्ये जाईल म्हणतात.

जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर शटल फुटलं तेव्हा थंडीत रबरी कडी दगा देईल असं अभियंते आदल्या रात्री सांगत होते. वेळापत्रकापुढे त्यांचं चाललं नाही. त्याच वर्षी इस्रोच्या दोघांपैकी एक शटलमधून जाणार होता, पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट यांची निवड झाली होती. त्या स्फोटानंतर ते उड्डाणच झालं नाही. आपल्या लोकांना उशिराची किंमत आणि घाईची किंमत, दोन्ही ठाऊक आहेत. म्हणून विनंती एवढीच: तारखा पुढाऱ्यांनी जाहीर करू नयेत.

वेल्डर_काका | २५ ऑगस्ट, पहाटे ५.२०

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा. सेकंड शिफ्ट करून आलो, झोप नाही.

मी अठ्ठावीस वर्षं वेल्डिंग करतो. कुठे ते लिहीत नाही. एस-२०० म्हणजे रॉकेटच्या दोन्ही बाजूंचे ते जाड बूस्टर, त्यांचे भाग पवईत आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात, हे पेपरात आलेलं आहे. गगनयानासाठीचा पहिला भाग २०२० मध्ये पवईहून निघाला. त्या जातीचं पोलाद मी हाताळलंय.

काम कसं असतं सांगतो. आर्गॉन चालू, टॉर्च हातात, एक थर झाला की थांबायचं, पुसायचं, घासायचं, बघायचं, मग पुढचा थर. घामाचा एक थेंब पडला तरी जोड खराब. सगळं झाल्यावर एक्स-रे. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावतात आणि इन्स्पेक्टर भिंग घेऊन बसतो. माझ्या एका जोडात ज्वारीच्या कणीएवढा काळा ठिपका निघाला. आत हवा राहिली होती. चार दिवसांचं काम घासून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा फिल्म. उपग्रहाच्या रॉकेटालाही शिस्त हीच. कुणी कमी करत नाही.

पण माणूस जाणार हे कळल्यावर आमच्या फोरमनने शॉपच्या भिंतीवर खडूने तीन खुर्च्या काढल्या. बोलला काहीच नाही. त्या खुर्च्या अजून आहेत, पुसट झाल्या की कुणीतरी परत गिरवतं. पूर्वी ठिपका निघाला की पोरं म्हणायची, "चालतंय का बघा ना साहेब". आता नाही म्हणत. माझ्या हाताखालच्या एका पोराने परवा स्वतःहून येऊन सांगितलं, "काका, इथे माझा हात हलला, फिल्म काढायच्या आधी तुम्ही बघा." अठ्ठावीस वर्षांत असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

सर, तुमच्या पोरीला माझ्याकडून एवढं सांगा. वर माणूस गेल्याने वर काय होतं ते मला कळत नाही, शिकलेल्यांनी सांगावं. खाली काय होतं ते मी बघितलंय. तीन खुर्च्यांसाठी शिकलेला हात उद्या बॉयलर जोडेल, गॅसची टाकी जोडेल. तो हात तसाच राहतो.

बाकी मिरकरवाड्यांचं घड्याळ चालू झालंच पाहिजे. त्याबद्दल मी त्यांच्या बाजूने.

परसातली_चिंच | २५ ऑगस्ट, सकाळी ७.००

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मिरकरवाडा | २५ ऑगस्ट, सकाळी ९.४०

काका, बोटीचा वेल्ड समुद्रात सुटला की काय होतं ते आम्ही बघितलंय. तुमचा हात सलामत राहो.

भिंगवाला | २५ ऑगस्ट, सकाळी ११.१५

काका, इतकी वर्षं वाद घालतोय, हा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. माझं मत बदललं असं नाही. बत्तीस चांद्रयानांनाही तसेच हात लागतील. पण भिंतीवर खुर्च्या कुणी काढल्या असत्या का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

खडूफळा | ८ सप्टेंबर, रात्री ९.१५

गणपतीच्या धावपळीत उशीर झाला. शाळेच्या गणपतीला मुलांनी पुठ्ठ्याचं गगनयान केलं होतं, उंदीर आत बसवला होता.

वर्गात सगळं सांगितलं. शंभर रुपयांतले २६ पैसे, खेचरं, एका मताने वाचलेलं स्थानक, चार चालू उपग्रह, तीन खुर्च्या. मग हात वर करायला सांगितले. एकतीस मुलं हजर होती. माणूस पाठवावा म्हणणारी चौदा, आधी बाकीची कामं म्हणणारी सोळा. ती मुलगी कुठल्याच बाजूला हात वर करेना. म्हणाली, "दोन्हीचा हिशोब एकाच फळ्यावर लिवा, मग सांगते." म्हणजे काय आधी, काय नंतर, कशाचे किती, कोण ठरवणार. आठवडाभर मी हेच म्हणायचा प्रयत्न करत होतो, तिने एका वाक्यात म्हटलं. मी तो फळा अजून पुसलेला नाही. लायगोची रक्कम तिने स्वतः जाऊन लिहिली, मोठ्या अक्षरात, कारण तिच्या मामाचं शेत त्या बाजूला आहे.

वेल्डर काका, तिचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. "तो ठिपका फिल्मवर आला नसता, तर तुम्हाला एकट्यालाच माहीत असतं का?"

वेल्डर_काका | ९ सप्टेंबर, सकाळी ६.१०

हो. हाताला कळतं. आणि प्रत्येक जोडावर वेल्डरचा नंबर असतो, त्यामुळे नंतर सगळ्यांना कळतं.

सर, माझी सासुरवाडी परभणीची. दसऱ्याला तिकडे येतोय. तुमची हरकत नसेल तर शाळेवर येईन. कामावरची फिल्म बाहेर आणता येत नाही, पण माझ्याकडे सरावाच्या पट्टीची जुनी फिल्म आहे, ठिपक्यासकट. उजेडाकडे धरली की दिसतं. वर्गाला मोठी खिडकी आहे का?

खडूफळा | ९ सप्टेंबर, सकाळी ६.३०

आहे काका, पूर्वेकडे. सकाळी नऊपर्यंत चांगला उजेड असतो. परभणीहून वसमतमार्गे औंढ्याची एसटी पकडा, स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. मुलीला आजच सांगतो.